मातीला काय विचारता, दुकानदाराला विचारा

मे महिना लागला की कोणीतरी आपल्या कोकणातल्या वाडीत येऊन सांगतंच, आधी माती तपासून घ्या, मग खत टाका म्हणून. तुम्ही साधी माणसं, लगेच मनावर घ्याल आणि फावडं घेऊन निघाल, म्हणून यातून गेलेला माणूस या नात्याने आधीच सांगतो, थांबा. बसा. चहा घ्या. आमच्या भावकीतल्या आबांनी हा विषय एका वाक्यात मिटवलाय, "आमच्या आज्यान कधी माती तपासल्यान? मेलो काय तो उपाशी?" आता आबांचा आजा युरिया टाकत नव्हता, राब भाजून, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून, आणि शेण-पातेरा टाकून शेती करायचा, हा मुद्दा काढू नका, आबांचं बीपी वाढतं.

खत किती टाकायचं हे ठरवायची आपली पद्धत आहे की आधीपासून. शेजाऱ्याच्या दारात टेम्पोतून दोन गोण्या उतरल्या की आपल्या तीन उतरल्या पाहिजेत. त्याची जमीन किती, आपली किती, कोणी विचारत नाही, गोण्या मात्र सगळे मोजतात. आणि त्याहून खात्रीचा म्हणजे दुकानदार. त्याच्या गोडाऊनमध्ये जे पडून असतं नेमकं तेच तुमच्या जमिनीत कमी निघतं, मी इतकी वर्षं बघतोय, एकदाही चुकला नाही माणूस. परत तो तुमची माती न बघता, तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगतो. कुठली लॅब देईल अशी सर्व्हिस?

हिशोबात तर पडूच नका. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश) अशी एक शिफारस पुस्तकात असते, म्हणजे गुंठ्याला साधारण एक किलो नत्र. युरियात नत्र असतं ४६ टक्के. माझा मळा आठ गुंठ्यांचा, म्हणजे आठ किलो नत्र, म्हणजे सतरा-साडेसतरा किलो युरिया, तोही एकदम नाही, तीन हप्त्यांत. आणि गोणी येते ४५ किलोची. मग राहिलेला अठ्ठावीस किलो युरिया काय डोक्यावर घेऊन नाचायचा? आपल्याकडच्या पावसात फोडलेली गोणी ज्यांनी पडवीत ठेवलीय त्यांना विचारा. आठ दिवसांत तिला पाणी सुटतं, मग तिचा धोंडा होतो, मग तो धोंडा कोयत्याच्या मुठीने फोडत बसा. त्यापेक्षा गोणी फोडली की त्याच दिवशी आठ गुंठ्यांत पूर्ण संपवायची. २६६ रुपये ५० पैशांची गोणी, सरकार एवढ्या स्वस्तात देतंय ते काय उरवायला? भात काळंभोर होतं, रस्त्यावरून जाणारा मान वळवून बघतो. मग करपा येतो, मग पीक लोळतं, पण ते नंतर, तोपर्यंत फोटो काढून झालेले असतात.

माझ्या मळ्याच्या खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात, आमचे भाऊबंद आहेत. मधल्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, आमचा दावा चालू आहे, वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे तारखांना मी आधी वडिलांचं बोट धरून गेलोय आणि आता मुलगा माझ्याबरोबर येतो. बोलणं बंद. गणपतीत सुद्धा आरतीला ते पुढच्या दाराने आले की मी मागच्या दाराने बाहेर. तर दरवर्षी जुलैत मी भर पावसात डोक्यावर इरलं नि हातात युरियाचं घमेलं घेऊन पूर्ण गोणी मारायचो, दुपारी चारच्या सुमारास आभाळ फाटायचं, आणि वरच्या मळ्यातलं पाणी मेर ओलांडून खाली धो धो जायचं. युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो हो. त्यांचं भात दरवर्षी माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मला वाटायचं त्यांनी देवस्की केलीय. एकदा तर मी मेरेवर लिंबू मिरची पण शोधून आलो होतो. तुम्ही पण हेच करा. ज्याच्याशी कोर्टात भांडताय त्याला वर्षाला एक गोणी फुकट घालण्यात जो मोठेपणा आहे तो कुठल्या संताने सुद्धा दाखवला नसेल.

स्फुरदाचं वेगळं. तो वाहून जात नाही, तो बसतो. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, तिच्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते दोघं स्फुरदाला असे मिठी मारून बसतात की मुळांना सोडतच नाहीत. आपल्या सामायिक सातबाऱ्यासारखं आहे ते. चाळीस नावं, दीड एकर जमीन, कागदावर सगळ्यांची, पण विकायची कोणाला परवानगी नाही आणि कसायला मुंबईहून कोणी येत नाही. तसा मातीत स्फुरद असतो, झाडाला मिळत नाही. यावर उपाय काय तर अजून डीएपी टाकायचा, डीएपीत स्फुरद ४६ टक्के, काहीतरी शिल्लक पडेलच की झाडाच्या तोंडात. चुना टाकून आम्लता थोडी खाली आणली तर आधीचाच बराच मोकळा होईल असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, बाबा रे तू कुठल्या गावचा?

आंब्याला खत घालताना ते बुंध्याशी ढीग करून ठेवायचं, नैवेद्य ठेवतात तसं. खाणारी मुळं लांब फांद्यांच्या घेराखाली असतात म्हणे, असू देत, भूक लागली की येतील. आणि नत्र सढळ हाताने. मोहोराच्या वेळी झाड पालवी फोडत बसलं तर बागेचा करार घेणाऱ्याला सांगायचं, यंदा हवामान वाईट.

एवढं सांगूनही तुम्हाला माती तपासायचीच असेल तर निदान रीतसर चुकवा.

एक तर वेळच काढू नका. माती घ्यायची पीक निघाल्यावर आणि पुढचं खत पडायच्या आधी, खत टाकून दोनतीन महिने तरी झालेले पाहिजेत. आता तुम्हीच बघा, मे महिन्यात आंबा, लग्नं आणि चाकरमानी, जूनमध्ये पाऊस आणि पेरणी, जुलैत लावणी, मग गणपती, गणपतीनंतर माणूस महिनाभर थकलेला असतो, ऑक्टोबरात कापणी, मग झोडणी, मग राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायला जायचं, डिसेंबरात बागेत फवारण्या, जत्रा, दशावतार, रात्रीची जागरणं, मार्चमध्ये शिमगा. राहिला फेब्रुवारी, तो अठ्ठावीस दिवसांचा.

समजा निघालातच तर शेतभर नागमोडी फिरून आठदहा ठिकाणी खड्डे घेण्याची नसती हौस नको. व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, कडेची वरपासून खालपर्यंत सारखी चकती, सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची, एवढं कोण करतं? गोठ्याच्या मागे उकिरड्याशेजारची माती भुसभुशीत असते, चपलेने खरवडली तरी निघते, ती घ्या. रिपोर्ट असा झकास येतो की फ्रेम करून लावाल. शेतात जायचंच असेल तर गंजलेली कुदळ न्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी हत्यार वापरू नका म्हणतात, पण आपल्या मातीत लोखंड काय कमी आहे का, त्यात कुदळीचं थोडं गेलं तर गेलं. आणि भरायला खताची रिकामी गोणी, झटकून घेतली म्हणजे झालं. आमच्या वाडीत एकाने तसं केलं, त्याचा स्फुरद एवढा आला की त्याने नारळ फोडला.

कातळावरची बाग असेल तर आणखी मजा. फळझाडांना माती खोलवरची घ्यायला सांगतात, आणि आपण कलम लावताना कातळात सुरुंग लावून खड्डा पाडलेला असतो, त्यात माती घातलेली कुठल्यातरी तिसऱ्याच्या मळ्यातून डंपरने आणून. म्हणजे रिपोर्ट नक्की कोणाच्या जमिनीचा, हा प्रश्न पण कोर्टात जाऊ शकतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. दोन नमुने काढले होते. एक कातळावरच्या आंब्याच्या बागेचा, एक खाली खाडीकडच्या खाजणातला, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या जमिनीतला. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायचे होते, मी ओलेच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि आत चिठ्ठी टाकली, चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून. पिशवीला घाम सुटला, अक्षरं पसरली, दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शुभविवाह' तेवढं स्पष्ट राहिलं. मी अंदाजाने वरून नवीन नावं लिहिली आणि देऊन टाकले.

रिपोर्ट आला, आंब्याच्या बागेत क्षार वाढलेले, निचऱ्यासाठी चर काढा. मी काकांना दाखवला. काका रिटायर मास्तर, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की बरोबर आहे, समुद्राचा वारा सरळ बागेवर येतो, मीठ बसतंच. पटलं मला. दोन गडी लावले. दोन दिवस पहारीने कातळ फोडत होते बिचारे. जिथे पाऊस पडून गेल्यावर तासाभरात पायाला ओल लागत नाही तिथे मी पाण्याचा निचरा करत होतो. तिसऱ्या दिवशी आई पेज घेऊन वर आली, तिने विचारलं हे काय चाललंय, मी सांगितलं. ती काहीच बोलली नाही. घरी येऊन तिने पडवीतली 'बाग' लिहिलेली उरलेल्या मातीची पिशवी सोडली आणि माझ्या नाकासमोर धरली. काळी, चिकट, कुर्ल्यांच्या बिळासारखा वास. बागेतली माती माझ्या शर्टावर होती, तांबडीलाल.

आणि ज्यांना सरकारी मृदा आरोग्य पत्रिका मिळालीय त्यांनी निश्चिंत राहा. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला ही योजना सुरू झाली, बारा गोष्टी तपासतात, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त-लोह-तांबं-मंगल-बोरॉन. योजना आली तेव्हा कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना असं गणित होतं. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ हजार गुंठे. आपल्याकडे हजार गुंठ्यांत सडा येतो, वरकस येते, मळा येतो, वहाळ येतो, अर्धी स्मशानभूमी येते आणि साठ खातेदार येतात. तेव्हा पत्रिकेत जे लिहिलंय ते कोणाच्यातरी जमिनीचं आहे एवढं नक्की. जपून ठेवा. आमच्याकडे ती लॅमिनेट करून तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे, बरोब्बर बसते.

चुकून स्वतःच्या शेताचा खरा रिपोर्ट हातात आलाच, तर तो घेऊन दुकानात जा. मी गेलो होतो, पुढच्या वर्षी नीट नमुने दिल्यावर. सामू साडेपाच, नत्र कमी टाकलं तरी चालेल, चुना किंवा डोलोमाइट टाका. दुकानदाराने कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "चुना पानाच्या गादीवर मिळेल दादा. माझ्याकडे हे नवीन टॉनिक आलंय." टॉनिक साडेचारशे रुपये लिटर. कंपनीची टोपी फ्री. घेतली मी, टोपी चांगली होती.

पण त्या वर्षी गोणी नाही घेतली. आई मागे लागली म्हणून ब्रिकेट आणल्या, युरिया-डीएपीच्या गोळ्या, दापोलीच्या विद्यापीठवाले कधीपासून सांगतायत त्या. लावणी झाली की चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या ठोंबांच्या, मध्ये एक, बोटांनी चिखलात खोल दाबायची, म्हणजे पाण्याबरोबर जात नाही. आठ गुंठे वाकून दाबताना कंबरेचं जे झालं ते सांगत नाही, तुम्ही या भानगडीत पडू नका.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मळ्यात उभा होतो. खालच्या कुणग्यात भाऊबंद आले, त्यांच्या भाताकडे बघत बराच वेळ उभे राहिले, पिवळट पडलं होतं थोडं. मग माझ्या भाताकडे बघितलं. मग सरळ मेरेपर्यंत चालत आले, किती वर्षांनी पहिल्यांदा, आणि म्हणाले,

"यंदा युरिया मारूक नाय काय रे?"