‘ऑपरेशन झालं, आता मनाच्या गोळ्या बंद करा’ : हा सल्ला पाळू नका

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : शस्त्रक्रियेनंतर शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतात, तशा नैराश्याच्या आणि चिंतेच्याही सोडा. एकदम सोडवत नसतील तर निम्म्या करा, कारण पोट लहान झालं की औषध जास्त चढतं. गिळायला त्रास होत असेल तर कुटून मधातून घ्या. नाहीतरी वजन याच गोळ्यांनी वाढतं. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनला या गोळ्यांबद्दल सांगू नका, ते नकार देतात.

मी एका रुग्णालयाच्या औषधविभागात काम करते. हा संदेश वाचून गोळ्या थांबवलेली माणसं आमच्या खिडकीशी येतात, तेव्हा बहुतेकांची झोप उडालेली असते आणि घरचे घाबरलेले असतात. म्हणून यातला एकेक दावा तपासून घेऊ.

‘शुगरची गोळी सुटते, तशी हीही सुटते.’ मधुमेहाबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. बायपासनंतर (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) आतड्यातली संप्रेरकं बदलतात आणि वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत, इन्सुलिनची गरज घटते. पण तिथेही डॉक्टर रोज साखर मोजून डोस कमी करतात, अंदाजाने नाही. नैराश्यात असं कोणतंही यंत्र बोटाला लावता येत नाही. पहिल्या वर्षात पुष्कळांना बरं वाटतं, हे मान्य. गुडघे दुखत नाहीत, जिना चढवतो, लोक कौतुक करतात. मात्र स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की जगण्याबद्दलचं समाधान पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वर जातं आणि पुढच्या वर्षांत, वजन थोडं परत येऊ लागलं की, काहीसं ओसरतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या ८,८१५ जणांची नोंद तपासली गेली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करून तातडीच्या विभागात यावं लागण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांपेक्षा सुमारे दीडपट होतं. असे रुग्ण एकूण थोडेच होते, त्यामुळे कोणी या आकड्याला घाबरून शस्त्रक्रिया रद्द करू नये. पण त्यांतल्या बहुतेकांना मानसिक आजाराचं निदान झालेलं होतं. गोळ्या सोडा असा सल्ला नेमका याच लोकांना दिला जातोय, याचा मला संताप येतो.

‘पोट लहान, म्हणून डोस निम्मा.’ हा दावा सगळ्यांत जास्त पटतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो. बायपासनंतर दारू खरोखर लवकर आणि जास्त चढते. त्यावरूनच हा समज आला असावा. पण दारू द्रव असते, ती सरळ आतड्यात उतरते. गोळीचं तसं नाही. ती आधी फुटावी लागते, विरघळावी लागते. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते, तिथे आम्ल कमी असतं. पुढे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, जिथे पुष्कळशी औषधं शोषली जातात, तोच वगळलेला असतो. अन्नाशी पित्तरस मिसळतो तोही बराच खाली गेल्यावर. या सगळ्याचा परिणाम बहुधा उलटा होतो : औषध कमी पोचतं.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं. नैराश्यावरची एसएसआरआय किंवा त्याच जातीची औषधं घेणाऱ्या १२ जणांच्या रक्तातली पातळी त्यांनी बायपासच्या आधी आणि नंतर पाहिली. आठ जणांत महिन्याभरानंतर शरीराला मिळणारं औषध आधीच्या सरासरी ५४ टक्क्यांवर आलं होतं. सहा महिन्यांनी त्या आठांपैकी सहा जणांत ते पुन्हा पूर्वीइतकं किंवा जास्त झालं. अभ्यास लहान आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिल्या महिन्यात डोस तोच ठेवूनही काहींना निम्मंच औषध मिळतं. तिथे गोळीही निम्मी केली तर चौथाई उरेल. आणि पुढे आतडं जुळवून घेतं, तेव्हा वाढवलेला डोस जास्तही होऊ शकतो. म्हणजे सगळ्यांना लागू होईल असा एक नियम यात नाहीच. शिवाय या गोळ्यांचा मोठ्या माणसांचा डोस वजनावर ठरलेलाच नसतो. साठ किलोच्या माणसाला आणि एकशेवीस किलोच्या माणसालाही एसिटालोप्राम दहा मिलिग्रॅमनेच सुरू होतं.

स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, पण आतड्याची वाट तीच राहते, त्यामुळे शोषणात इतकी उलथापालथ होत नाही. तरीही पहिल्या आठवड्यांत उलट्या झाल्या तर गोळी पोटात राहिली की नाही, हा प्रश्न उरतोच.

एका औषधाबद्दल मात्र वेगळी सूचना हवी : लिथियम. बायपोलर आजारात (कधी अति उत्साह, कधी नैराश्य) दिलं जातं. शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी आणि मीठ दोन्ही कमी जातं, उलट्या-जुलाब होतात, मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी वर जाते. साधारण ०.६ ते १.२ (मिलिमोल प्रति लिटर) ही उपचाराची पातळी, १.५ च्या पुढे धोका. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. लिथियमचा डोस बदलावा लागतोच असं नाही, पण रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि तिचं वेळापत्रक शस्त्रक्रियेआधीच ठरवून घ्यावं.

‘कुटून मधातून घ्या.’ सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. स्ट्रिपवर नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, ईआर, सीआर, पीआर यांपैकी काही असेल तर ते औषध तासन् तास सावकाश सुटावं अशी गोळी बनवलेली असते. ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या बाबतीत त्याने फिट येऊ शकते. न कुटताही अशी गोळी बायपासनंतर पुरती सुटायच्या आत पुढे सरकू शकते. उपाय आहेत : साधी गोळी दोन वेळा विभागून, किंवा द्रव औषध. पर्याय काय मिळेल ते मानसोपचारतज्ज्ञांना आणि फार्मासिस्टला आधी विचारा, म्हणजे घरी आल्यावर खलबत्ता काढावा लागणार नाही. तोंडात विरघळणारी गोळी घेतली म्हणजे पोटाचा प्रश्न मिटला, असंही नाही. ती बहुतेक वेळा लाळेबरोबर गिळलीच जाते आणि आतड्यातच शोषली जाते.

‘वजन याच गोळ्यांनी वाढतं.’ काहींनी वाढतं. मिर्टाझापीन, पॅरॉक्सेटीन, अॅमिट्रिप्टिलीन, ओलान्झापीन यांची ही ख्याती खरी आहे. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांचा परिणाम बराच कमी. ब्युप्रोपिऑनने उलट थोडं उतरू शकतं. त्यामुळे गोळी बदलता येईल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे, जरूर विचारा.

संदेशात नसलेली एक बाब इथेच सांगते. शस्त्रक्रियेनंतरचा थकवा, उदासी, विसरभोळेपणा बी-१२ कमी झाल्यानेही येतो. २००६ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या पुरुषांत केलेल्या पाहणीत ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी आढळलं होतं, तेही कोणतीच शस्त्रक्रिया न होता. शाकाहारी घरात तर हे आधीच तळाला असतं. आणि सतत उलट्या होणाऱ्या माणसाला चालताना तोल जाऊ लागला, नजर दुहेरी झाली किंवा गोंधळायला झालं, तर ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून थांबू नका. थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता असू शकते, आणि तिथे तासांचा प्रश्न असतो.

‘सर्जनला सांगू नका.’ उपचाराने आटोक्यात असलेलं नैराश्य हे शस्त्रक्रिया नाकारण्याचं कारण नाही. आजार उसळलेला असेल तर आधी तो शांत करून पुढची तारीख देतात, इतकंच. लपवल्याने भूलतज्ज्ञांना क्लोनाझेपाम-अल्प्राझोलाम या चिंता-झोपेच्या गोळ्या चालू असल्याचं कळत नाही; झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसात हे जिवावर बेतू शकतं. एसएसआरआयने रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, हेही सर्जनला माहीत असावं लागतं.

ज्यांनी हा संदेश वाचून गोळ्या आधीच थांबवल्या आहेत, त्यांनी स्वतःहून जुना डोस पुन्हा सुरू करू नये. बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजीनमध्ये काही दिवसांचा खंड पडला असेल तर ते परत अगदी कमी डोसपासून चढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम रोज घेत असताना एकदम बंद केलं असेल तर फिट येऊ शकते, म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा. व्हेन्लाफॅक्सीन, पॅरॉक्सेटीन अचानक सुटलं की चक्कर, डोक्यात विजेचे झटके, चिडचिड होते. ते डम्पिंग (अन्न भराभर आतड्यात उतरून किंवा त्यानंतर साखर घसरून येणारी चक्कर) समजून साखर-पाणी घेत बसू नका. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.