काउंटरच्या मागून : ‘जाणकार’ यांना उत्तर

मागच्या आठवड्यात इथे ‘पीसीओडीची गोळी आणि पायातली गुठळी’ असा लेख टाकला होता. पीसीओडी म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडकोशांचा त्रास, त्यावर बहुतेकदा देतात ती गर्भनिरोधक गोळीच. आणि गुठळी म्हणजे पायाच्या शिरेत साकळलेलं रक्त. त्यावर ‘जाणकार’ या नावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आली. दोन ओळींत धन्यवाद लिहून मोकळी होणार होते, पण रात्री दोनपर्यंत झोप लागेना, म्हणून हे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाणकारांचं म्हणणं असं, की मी ‘चौपट धोका’ लिहून पोरींना घाबरवलं, दहा हजारांत दोनाचे सात-आठ झाले तर “चौपट म्हणून बोंबलायचं का?” गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, ते मी लिहिलं नाही. १९९५ साली इंग्लंडात अशाच एका इशाऱ्यानंतर बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले, तसंच पाप माझ्या माथी येईल. पाळी लांबवायच्या गोळीत इस्ट्रोजेन (गुठळीचा धोका वाढवणारं हार्मोन) नसतंच, तिला मी यात उगाच ओढलं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते : “मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून डबे काढून देणाऱ्यांनी वैद्यकशास्त्र शिकवू नये.”

आधी भाषेबद्दल बोलू. ‘बोंबलायचं’ हा शब्द तुम्ही लिहिलात. आमच्याकडे शिमग्याला बोंबलतात, तेही वर्षातून एकदा. मी लेखात कुणा डॉक्टरला, कुणा कंपनीला वाकडा शब्द वापरला नव्हता. आकडा चुकला म्हणा, मांडणी एकांगी आहे म्हणा, मी ऐकून घेईन. पण असली क्रियापदं बाईने लिहिलेल्या लेखाखालीच कशी आठवतात, याचं मला कुतूहल आहे. आणि ‘जाणकार’ हे नाव तुम्ही स्वतःच ठेवलंत की कुणी दिलं?

असो. ‘चौपट’बद्दल तुमचं बरोबर आहे. कशाच्या चौपट हे मी लिहायला हवं होतं, ते राहिलं. चूक मान्य. युरोपच्या औषध नियामक संस्थेचे आकडे असे आहेत : गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. गोळीत इस्ट्रोजेनसोबत दुसरं एक हार्मोन असतं, ते कोणतं यावर धोका कमी-जास्त होतो. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. आपली माला-डी यातलीच. ड्रोस्पायरेनोन, डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन असलेल्या गोळ्यांमध्ये ९ ते १२ जणींना. म्हणजे अगदी वरचा आकडा धरला तरी नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी जणींना काही होत नाही. झालं समाधान?

फक्त एक सांगा. पीसीओडीसाठी, तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी १९-२० वर्षांच्या पोरींच्या चिठ्ठीवर माला-डी येते का हो? माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ड्रोस्पायरेनोन येतं, नाहीतर सायप्रोटेरोन. सायप्रोटेरोनचा धोकाही लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीडपट ते दुप्पट धरतात. तुमचे ‘सात-आठ’ या पोरींचे नाहीत.

गरोदरपणाचा मुद्दा खरा आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या हिशेबाने गरोदरपणात हा आकडा दहा हजारांत ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५ पर्यंत जातो. पण मी लेख लिहिला तो पुटकुळ्यांसाठी गोळी खाणाऱ्या हॉस्टेलच्या पोरीबद्दल. तिला ‘बाळंतपणात याहून जास्त असतो’ सांगून मी काय समजावू? १९९५च्या इंग्लंडचं उत्तर मी नागपूरच्या मानेवाडा रोडवर बसून देऊ शकत नाही. गोळी मनाने बंद करू नका, हे मी लेखात लिहिलंच होतं. तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नसाल.

आता त्या वाक्याकडे येते.

होय, मी काउंटरमागे उभी असते. २००४ पासून. डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा आहे, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट दुकानात फ्रेम करून लावलेलं आहे, या आणि बघा. डबे काढून देते, तेही खरं. आता त्या काउंटरवर काय चालतं ते ऐका.

भाद्रपद लागला की आमच्याकडे एक वेगळीच गर्दी सुरू होते. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या. घरोघरी तीन दिवस सोवळं, सोळा भाज्या, आंबील, पुरण. त्या तीन दिवसांत घरातल्या सुनेची किंवा लेकीची पाळी येऊ नये म्हणून आठ दिवस आधीपासून विचारणा. “ताई, ते लांबवायच्या गोळ्या द्या न.” कधी सासू येते, कधी नवरा येऊन फोनवरचा स्ट्रिपचा फोटो दाखवतो. जिला खायच्या ती बहुतेक वेळा दुकानात नसतेच. मी विचारते, पोरगी दुसरी कोणती गोळी घेते का? उत्तर येतं, “घेऊन राहिली न, ते पीसीओडीची. त्याने काय होते?”

त्याने काय होते ते सांगते, कारण तुमचा इस्ट्रोजेनचा मुद्दा इथेच येतो. ही गोळी नॉरेथिस्टेरॉनची, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. पाकिटावर इस्ट्रोजेन लिहिलेलं नसतं, बरोबर. पण नॉरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात गेल्यावर एथिनिल इस्ट्राडायॉल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं तेच इस्ट्रोजेन. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम पोटात गेलं की ते २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल घेतल्यासारखंच. माला-डीच्या एका गोळीत ३० असतं. नुसत्या नॉरेथिस्टेरॉनची गर्भनिरोधक गोळी असते त्यात अर्धा मिलिग्रॅमही नसतो, तिचा आणि गुठळीचा संबंध दिसलेला नाही. तुम्ही बहुधा ती डोक्यात धरून लिहिलंत. डबे काढून देणारीला हे माहीत आहे, जाणकारांना नाही. चालायचंच.

आणि मला हे कसं माहीत झालं, तेही आता लिहूनच टाकते. लेखात मी ‘माझ्या ओळखीची एक मुलगी’ म्हटलं होतं. ती मीच.

२००३ साल. लग्नाला पाच महिने झाले होते, वय २५, डी.फार्म. होऊन बसलेले. लगेच मूल नको म्हणून जुलैपासून गोळी सुरू होती. नागपूरच्या महाल भागातलं सासर, पहिल्या महालक्ष्म्या. सासूबाईंनी लांबवायच्या गोळ्या आणून हातावर ठेवल्या, मीही मुकाट्याने घेतल्या. दोन्ही सोबत. घटक मला तोंडपाठ होते, परीक्षेत लिहिलेले होते. पण दोन्ही मिळून पायात काय करतील, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आता तुम्ही म्हणाल, बघा, हेच तर मी म्हणत होतो. म्हणा.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून ओट्यापाशी उभी होते. दुपारी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं झालं. संध्याकाळी पाय धुवायला गेले तर डाव्या पायातलं पैंजण रुतलेलं. उजव्यातलं सैल, घोट्यावर फिरत होतं, आणि डाव्याखाली बोट शिरेना. नणंदेने साबण लावून काढलं, कडीची खूण दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच होती. सगळ्यांचं एकमत, उभं राहून सुजला. उभं राहून सुजले असते तर दोन्ही सुजले असते, हे त्या घरात एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. रात्री चुलतसासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून पोटरी चांगली रगडून दिली. पायात गुठळी असताना रगडायचं नसतं, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा मात्र मला त्या तेलाचं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नस चढली म्हणून दुखण्याची गोळी आणि क्रेप बँडेज दिलं. कोणती गोळी घेते, विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण ती गोळी म्हणजे औषध असं वाटतच नव्हतं, आणि शेजारी सासरे बसलेले. तिसऱ्या दिवशी एक मजला चढताना दम लागून मी पायरीवर बसले. मग धंतोलीत कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतं का ते बघणारी सोनोग्राफी, मग ॲडमिट. पोटात दिवसातून दोनदा हेपॅरिनचं इंजेक्शन, मग सहा महिने वॉरफरिनच्या गोळ्या, दोन्ही रक्त गोठू न देणारी. दर काही दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. तो दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे आणि पालेभाजीने वॉरफरिनचा असर बदलतो, म्हणून पालक-अंबाडी रोज तेवढीच खायची, एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. पायाला मांडीपर्यंतचा घट्ट मोजा. मोज्याचा हुकूम दोन वर्षांचा होता. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत तो घालून स्वयंपाक करून बघा आणि मग दोनाचे सात-आठ की नऊ-बारा ते मला सांगा.

तुम्ही म्हणाल, शितावरून भाताची परीक्षा. ठीक. मग शितं कुणी बघायची?

ही गोळी अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली. तिच्यामुळे फुप्फुसात गुठळी गेली असावी, असं १९६१ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं ते जॉर्डन नावाच्या डॉक्टरने. कुणी मोठा प्राध्यापक नव्हता तो, सफक परगण्यातला साधा जनरल प्रॅक्टिशनर. त्याची पेशंट एक नर्स होती, आणि ती गोळी मूल नको म्हणून घेत नव्हती, एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) घेत होती. एक शीत! ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी ते पक्कं करायला १९६७-६८ उजाडलं. आणि १९७० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये या गोळीवर सुनावणी झाली तेव्हा गोळी खाणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं. बायकाच मागे उभ्या राहून ओरडल्या, आम्हाला का विचारत नाही म्हणून. त्यांनाही तेव्हा कुणीतरी बोंबलू नका म्हटलंच असेल. त्यानंतर पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद आला. तोच कागद, जो आमच्या काउंटरवर उघडायच्या आधी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात जातो, कारण आम्ही कापून देतो ती स्ट्रिप, आणि कागद राहतो खोक्यात.

म्हणून मी विचारते. गर्दी असली तरी विचारते, गिऱ्हाईक वैतागून पुढच्या मेडिकलमध्ये गेलं तरी विचारते. आईला, बहिणीला, मावशीला कधी गुठळी झाली होती का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का? सिगारेट? नुकतं बाळंतपण, ऑपरेशन, प्लॅस्टर? दुसरी कोणती गोळी चालू आहे का? यातलं एकही ‘हो’ आलं तर मी गोळी देत नाही, डॉक्टरला विचारून ये म्हणते. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरी दिवाळीला ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून येतात, त्यांना सांगते की गाडी थांबली की उतर, चार पावलं चाल. आणि गोळी सुरू केल्याचे पहिले काही महिने जास्त जपायचे. मध्येच महिनाभर सोडून पुन्हा सुरू केली तर ते महिने परत पहिल्यापासून मोजायचे. ‘मनाने बंद करू नका’ मी याचसाठीही लिहिलं होतं, पण तुम्हाला त्यात फक्त इंग्लंड दिसलं.

गेल्या बुधवारी मेडिकल चौकाकडच्या एका हॉस्टेलची पोरगी आली, १९-२० वर्षांची. लेख तिने वाचला होता. काउंटरपाशी येऊन हळूच म्हणाली, “काकू, माझा एकच पाय दुखून राहिला.” मी तिला आत स्टुलावर बसवलं, टेप काढली, गुडघ्याच्या हाडाखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. एकसारख्या निघाल्या. स्कूटीची किक मारून पोटरी दुखत होती बिचारीची. तरी डॉक्टरकडे पाठवली, डॉपलर केलं, काही निघालं नाही. तुमच्या हिशेबात ही माझ्यामुळे घाबरलेली आणि पैसे घालवलेली पोरगी. लिहून घ्या. माझा डावा पाय आजही उजव्याहून दीड सेंटिमीटर जाड आहे, तेही त्याच टेपने मोजलेलं आहे, तेही लिहून घ्या.

‘छाया’ या हार्मोन नसलेल्या सरकारी गर्भनिरोधक गोळीबद्दल आणखी दोघींनी विचारलं आहे, त्यावर वेगळं लिहीन. जाणकार, तुम्ही डॉक्टर असाल तर पुढच्या वेळी नावानिशी लिहा, मी तुम्हाला सर म्हणेन. लेखात ‘चौपट’च्या पुढे आकडे घातले आहेत, गरोदरपणाची ओळही जोडली आहे. ‘बोंबलायचं’ तेवढं तुम्ही काढता का, बघा. दुपारचे चार वाजले, मला शटर उघडायचं आहे.