डोकी कोणी मोजायची? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ब्रिटनची राणी पंतप्रधान कशी नेमायची यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, दीक्षाभूमीच्या गावात राहून राजेशाहीचे गोडवे गाता? राजा म्हणजे नुसता शिक्का. त्याच्यावर खर्च कशाला?" रागाने लिहिलंय, पण कळकळीने लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते.

दीक्षाभूमीचं नाव काढलंत, तर तिथूनच सुरू करू. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच सांगितलं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही. तिथला राजा समजून घेणं हा आपल्याच घटनेचा अभ्यास आहे.

आता शिक्का. नुसता शिक्का असता तर माझी तक्रारच नव्हती. 1957 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान इडन यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्या हुजूर पक्षात नेता निवडायची ठरलेली पद्धतच नव्हती. राणीने चर्चिल आणि लॉर्ड सॅलिसबरी या पक्षातल्या ज्येष्ठांना विचारलं. दोन दावेदारांपैकी बटलर मागे राहिले, मॅकमिलन पंतप्रधान झाले. 1963 मध्ये मॅकमिलन आजारी पडले. राणी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी गेली, त्यांनी लॉर्ड होम यांचं नाव सुचवलं आणि तेच नेमले गेले. होम यांनी सरदारकी, म्हणजे वरच्या सभागृहातली जागा, सोडली. मग पोटनिवडणूक जिंकेपर्यंत सुमारे दोन आठवडे देशाचा पंतप्रधान कुठल्याच सभागृहाचा सभासद नव्हता! मला हे आजही खटकतं. 1965 पासून पक्ष आपला नेता मतदानाने निवडू लागला आणि राणीचं ते काम संपलं. राणीही तीच, मुकुटही तोच, बदलली ती पद्धत.

माझी एक चूक मान्य करते. "राजा तटस्थ असतो म्हणून ही पद्धत टिकते" हे लेखातलं वाक्य घाईचं होतं. स्वीडनने 1975 पासून राजाला या कामातून बाजूलाच केलं. तिथे संसदेचा सभापती पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतो आणि 349 पैकी 175 सभासद विरोधात गेले तरच ते पडतं. नोव्हेंबर 2021 मध्ये मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूने 117 मतं पडली, विरोधात 174. एका मताने तरल्या, पण सगळी मोजणी उघड्यावर झाली.

आणि आपल्याकडे राजा नसून काय झालं? 23 नोव्हेंबर 2019 ला लोक सकाळी टीव्ही लावतात तो फडणवीस यांचा शपथविधी राजभवनात उरकलेला. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि त्याच दिवशी राजीनामा आला. शपथेच्या वेळी डोकी मोजली कोणी, कुठे?

राजवाड्याच्या खर्चाचं तिकडचे लोक बघून घेतील. मला आपल्या राजभवनाची काळजी आहे. स्वीडनची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही, कारण आपले विधानसभाध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. पण फेब्रुवारी 1998 मध्ये उत्तर प्रदेशात मुख्यमंत्रिपदाचे दोन दावेदार असताना सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातच दोघांमध्ये मतदान घ्यायला लावलं होतं. कल्याण सिंह यांना 225 मतं मिळाली, जगदंबिका पाल यांना 196. वाद तिथेच मिटला. असं मतदान शपथेच्या आधी व्हावं, एवढी भर घटनेच्या कलम 164 मध्ये, म्हणजे राज्यपालांनी मुख्यमंत्री नेमण्याच्या कलमात, पडायला हवी. हिवाळी अधिवेशनात आपल्या भागाच्या आमदारांना तसं निवेदन देणार आहे. सोबत याल का?