साठी उलटलेल्या कादंबरीकारास मार्गदर्शन

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत माणूस बहुधा ५८ व्या वर्षी कामाचा उरत नाही आणि दुसऱ्याच दिवसापासून तो कादंबरी लिहिण्यास पात्र होतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक सहकाऱ्याला काहीतरी बोलणे भाग असते, आणि "साहेबांनी आता आपले अनुभव लिहून काढावेत" हे वाक्य कोणाचेही नुकसान न करता बोलता येते. ते आपण मनावर घ्यावे. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी नव्या कॉलनीत बांधलेल्या आपल्या घराला वरच्या मजल्यावर एक खोली असतेच, आणि मुलगा पुण्याला असल्यामुळे ती रिकामीही असते. तिथे टेबल टाकून घ्यावे व "मी लिहायला बसतो आहे" असे खाली सांगून दार लोटावे, म्हणजे दळण आणणे, गॅसचा नंबर लावणे आणि नातवाला शाळेतून घेऊन येणे या तिन्ही कामांतून सुटका होते. या व्यवसायात खात्रीने मिळणारा लाभ बहुधा एवढाच आहे, म्हणून तो आधी सांगितला.

"या वयात हे काय आता?" असे विचारणारा एखादा मेहुणा निघतोच. त्याच्यासाठी काही नावे तोंडपाठ ठेवावीत. डॅनियल डिफो याची पहिली कादंबरी १७१९ साली आली तेव्हा तो साठीला टेकलेला होता. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली, वयाच्या ६० व्या वर्षी निघाली आणि १९७९ साली त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. मात्र डिफो त्याआधी कित्येक वर्षे पत्रके आणि वर्तमानपत्री मजकूर लिहीत होता, आणि त्यातल्याच एका पत्रकापायी १७०३ साली त्याला भर रस्त्यात खोड्यात उभे केले होते, ही माहिती गाळावी. फिट्झजेराल्डबाईंनी तरुणपणी मासिकाचे संपादन केले होते आणि पुढे वर्षानुवर्षे शाळांतून शिकवले होते, हेही सांगू नये. मेहुण्याचे लक्ष वयावरच राहिले पाहिजे. इटलीच्या लांपेदुसा या सरदाराचे नाव तर जपूनच वापरावे. त्याची एकुलती एक कादंबरी प्रकाशकांनी परत पाठवली, १९५७ साली तो वारला आणि १९५८ साली ती निघून जगभर गाजली. हे ऐकून घरच्यांच्या मनात भलतेच काही येऊ शकते.

खानदेशातली उदाहरणे याहून अडचणीची आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते २५ वर्षांचे होते, त्यामुळे आपल्याला त्यांचा काहीच उपयोग नाही. बहिणाबाई चौधरी मात्र कामाच्या आहेत. आसोद्याची ही बाई १९५१ साली गेली आणि तिच्या कवितांचे पुस्तक १९५२ साली निघाले. अक्षर ओळख नसलेली बाई एवढे करू शकते, तर आपण पदवीधर आहोत, विभागीय परीक्षाही पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झालेलो आहोत, असा युक्तिवाद भाषणात फार शोभून दिसतो. त्या जात्यावर, चुलीशी आणि शेतात जन्मभर रचतच होत्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्यातले काही कागदावर उतरवून ठेवले म्हणून ते वाचले, हा तपशील मात्र त्या भाषणात बसत नाही.

विषयाची निवड ही खरी कसोटीची जागा असून अनेक होतकरू ज्येष्ठ इथेच घसरतात. समजा, आपली हयात पाटबंधारे खात्यात, गिरणेच्या जामदा कालव्यांवर गेली. पाणीपाळी सुटली की वरच्या अंगाची गावे कशी भिजतात आणि टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटाची, गावे हात चोळत कशी बसतात, पाणी मागण्याचा नमुना नंबर सातचा अर्ज भरताना कोण किती क्षेत्र लपवतो आणि मोजणीदाराला ते कोणत्या झाडाखाली बसून कळते, हे आपल्याला पाठ आहे. रात्री दीड वाजता चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या लहान पाटाच्या, कडेने इंजिनाचा आवाज येतो, आपण बॅटरी मारता, तर पाण्यात पाइप सोडून उकिडवा बसलेला माणूस आपल्याच वर्गातला निघतो. तो डोळ्यांवर हात धरून, अजिबात न दचकता, "या साहेब, चहा ठेवतो" असे म्हणतो. आणि पंचनामा करावा की चहा घ्यावा हे ठरेपर्यंत आपली एक चप्पल चिखलात रुतलेली असते व तीही त्यालाच काढून द्यावी लागते. गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले तेव्हापासून या पाण्यावरून किती भाऊबंद फुटले, किती सोयरिकी मोडल्या आणि कोणत्या गावच्या सरपंचाने कोणाच्या चारीच्या दाराची किल्ली किती दिवस आपल्या कमरेला ठेवली, याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही. ती फक्त आपल्या डोक्यात आहे. तेव्हा यातले एक अक्षरही कादंबरीत येऊ देऊ नये.

कारण उघड आहे. ओळखीचा माणूस पुस्तकात ओळखू आला तर पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या घरचे बोलावणे येत नाही. शिवाय चारी, मोजणीदार आणि रुतलेली चप्पल यांना साहित्य म्हणतात, असे आपल्याला शाळेत कोणी शिकवलेले नाही. म्हणून नायक लंडनहून परतलेला चित्रकार असावा, नायिकेचे नाव मृण्मयी असावे, तिला पहिल्या प्रकरणात न सांगता येणारे दुःख आणि शेवटच्या प्रकरणात न सांगता येणारा आजार असावा, आणि दोघांची गाठ काश्मीरमध्ये पडावी, जिथे आपण यात्रा कंपनीच्या बसने आठवडाभर जाऊन आलेलो आहोत. फारच गावाची ओढ लागली तर नायकाला परतीच्या वाटेवर अर्धे पान कालव्याकाठी बसवावे, वैशाखी पौर्णिमा दाखवावी आणि पाण्यात चंद्र हलवावा.

भाषेचेही तेच. आपण घरात आणि बांधावर अहिराणी बोलता, रागावता आणि रडताही त्याच भाषेत. "पाटले पानी उनं का भो?" हा प्रश्न आपण हजारदा ऐकला असेल, परंतु कादंबरीतल्या शेतकऱ्याने "कालव्यास पाणी सुटले काय, मित्रा?" असेच विचारले पाहिजे. अहिराणी अगदी हवीच असेल तर ती सालदाराच्या तोंडी, विनोदापुरती, दोन पाने असावी. तेवढ्या भांडवलावर प्रस्तावनाकाराला मातीशी नाळ वगैरे लिहिता येते. उरलेल्या मजकुरासाठी आपल्याजवळ तीस-पस्तीस वर्षांच्या टिपण्यांची शैली तयार आहेच. मृण्मयीचे प्रेमपत्र "उपरोक्त विषयास अनुसरून" असे सुरू झाले तरी तो दोष मानू नये. निदान तिला आपले म्हणणे तीन परिच्छेदांत मांडता येते. दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचू नयेत, प्रभाव पडतो. लिहिलेले पुन्हा तपासू नये, कारण सही होऊन गेलेल्या कागदावर खाडाखोड करण्याची आपल्या खात्यात पद्धत नव्हती. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की हे सर्व बंद ठेवून कूलरसमोर आडवे व्हावे; त्यास चिंतन म्हणावे.

हस्तलिखित पुरे झाल्यावर ते राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे पाठवण्याचा सल्ला कोणी देईल. मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते हे खरे, पण त्यासाठी हस्तलिखित तज्ज्ञांकडे वाचायला जाते, आणि निवृत्तीनंतर असली जोखीम कोणी घ्यावी? त्यापेक्षा असा प्रकाशक गाठावा, जो पाकीट न फोडता पाचव्या दिवशी फोन करतो, "सर, अप्रतिम!" म्हणतो आणि कागदाचे भाव सांगू लागतो. भाव सांगून झाले की तो लेखकाच्या आर्थिक सहभागाविषयी बोलतो. हा सहभाग म्हणजे संपूर्ण खर्च होय, हे आपल्या लक्षात यायला तीन भेटी लागतात आणि तोवर मुखपृष्ठावरच्या पाठमोऱ्या स्त्रीच्या चित्राचे पैसे देऊन झालेले असतात. उपदानाची रक्कम घराच्या गच्चीच्या गळतीसाठी राखून ठेवली आहे, असे सौभाग्यवतींनी आठवण करून दिल्यास, गळती दरवर्षी होते आणि कादंबरी एकदाच, असे उत्तर द्यावे. या उत्तराचा पुढे गच्चीवर काही परिणाम होत नाही.

करारनाम्यावर सही करताना कॉपीराइट मात्र सोडू नये. भारतातल्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे बांधाची वाटणी होऊन गेल्यावर भांडायला नातवांना काहीतरी राहील. पुस्तकाची पाने सोळाच्या हिशेबाने छापली जातात, तेव्हा शेवटी चार पाने कोरी राहिली तर ती वाया न घालवता आपला परिचय, मिळालेली प्रशस्तिपत्रके आणि तत्कालीन पालकमंत्र्यांबरोबरचे छायाचित्र घालावे. प्रस्तावनेसाठी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक शोधावेत. त्यांना जाडजूड बाड आणि केळीची एक फणी एकदमच पोहोचवावी, आणि कोणत्या गोष्टीला आधी हात लागला, हे प्रस्तावना वाचून ताडण्याचा प्रयत्न करू नये.

प्रकाशन समारंभ हिवाळ्यात ठेवावा. साहित्याशी त्याचा संबंध नाही. वांगी त्याच दिवसांत चांगली मिळतात. पत्रिकेवर अध्यक्ष, उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे यांच्या नावांखाली "भरीत-पुरीचा कार्यक्रम आहे" ही ओळ ठळक टायपात घातली की सभागृह भरते. कळण्याची पुरी असल्यास उभे राहण्यासही जागा राहत नाही. व्यासपीठावर पुस्तक चकचकीत कागदात बांधून ठेवलेले असते आणि त्यावरची चिकटपट्टी अध्यक्षांना सुटत नाही. ते नखाने कोपरा शोधत राहतात, उद्घाटक मदतीला वाकतात, छायाचित्रकार "इकडे बघा सर" म्हणून ओरडतो, अखेर कोणीतरी खिशातली किल्ली पुढे करतो आणि मुखपृष्ठावरच्या पाठमोऱ्या स्त्रीला खांद्यापासून कमरेपर्यंत ओरखडा पडतो. टाळ्या तेव्हाच वाजवायच्या असतात. अध्यक्ष मग चाळीस मिनिटे पर्यावरणावर बोलतात. मागच्या रांगांतले लोक स्वयंपाकाच्या वासाकडे मान वळवू लागले की आपण आपले मनोगत सुरू करावे, म्हणजे कोणी मध्येच प्रश्न विचारत नाही.

यानंतर ५०० प्रती आपल्या घरी येतात आणि दिवाणाखाली जातात. घाबरू नये. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना पाठवावीच लागते, त्यामुळे चार प्रतींची सोय संसदेनेच लावून दिलेली आहे. उरलेल्यांसाठी लग्ने, वास्तुशांती, नातेवाइकांचे निवृत्ती समारंभ आणि ज्यांच्याशी जुने हिशेब राहिले आहेत अशी माणसे पुरतात. प्रत देताना आत सही करून तारीख घालावी, म्हणजे ती रद्दीत कधी गेली हे दुकानदाराला काढता येते. साहित्य संमेलनात गाळा घेण्याची संधी मात्र दवडू नये: अमळनेरला ते १९५२ साली भरले होते आणि नंतर २०२४ साली, तेव्हा त्याच हिशेबाने तिथले पुढचे २०९६ साली येईल व त्या वेळी आपल्याला जिना चढणे जड जाईल. राज्य शासन पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने पुरस्कार देते. तो दुसऱ्या कोणाला मिळाल्यास तीस वर्षांच्या तरुणांची सगळीकडे कशी चलती आहे, यावर एक लेख आपल्याला आयताच मिळतो.

एका धोक्याची मात्र आधीच कल्पना द्यायला हवी. पाच-सहा महिन्यांनी एखाद्या दुपारी फोन येतो. पलीकडे आपल्याच उपविभागातला निवृत्त पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणारा माणूस, असतो. त्याला पुस्तक कोणाच्या तरी लग्नात मिळालेले असते आणि काही काम नसल्यामुळे त्याने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असते. काश्मीरबद्दल तो काही बोलत नाही. "साहेब, ते चंद्राचं पान वाचलं. वैशाखात पाट कोरडाठाक असतो ना आपला," असे तो भीतभीतच सांगतो. आपण कल्पनास्वातंत्र्याविषयी चार शब्द बोलता, तो "हो, हो" म्हणतो आणि जरा थांबून विचारतो की, त्या रात्री चारीवर चप्पल रुतली होती ती गोष्ट, आणि त्या सरपंचाने दाराची किल्ली नेली होती ती, या दुसऱ्या भागात येणार आहेत का. येणार असतील तर तारखा त्याच्या डायरीत आहेत, तो घेऊन येईल. अशा माणसाला घरी बोलावू नये. त्याचा नंबर ब्लॉक करावा, तो कसा करतात हे ठाऊक नसल्यास नातवाकडून करून घ्यावा, आणि दुसऱ्या कादंबरीचे कथानक या खेपेस दार्जिलिंगला घडवावे.