मार्चचे 40 अंश आणि मे महिन्याचा घाम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मार्चमध्ये मुंबई तापते ती वाऱ्यामुळे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. मार्चमध्ये मुंबईचा पारा 40 वर जातो तो झाडतोड आणि काँक्रीटमुळे, आणि मी वाऱ्याचं नाव पुढे करून बिल्डरांना मोकळं सोडतोय. शिवाय मुंबईचा खरा उन्हाळा मे महिन्यातला, मार्चचा मी उगाच बाऊ करतोय.

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मार्चमधलं विक्रमी तापमान नोंदलं गेलं 28 मार्च 1956 रोजी, 41.7 अंश. एप्रिलचा विक्रम 14 एप्रिल 1952 चा, 42.2 अंश. तेव्हा टॉवर नव्हते, उपनगरांत शेतं आणि मिठागरं होती. आणि काँक्रीट सोमवारी जेवढं असतं तेवढंच मंगळवारीही असतं. मग आज 40 वर गेलेला पारा दुसऱ्याच दिवशी पाच-सहा अंशांनी उतरतो कसा? वारा फिरतो म्हणून.

ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा भराभर तापते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे दुपारी बाराच्या आत पोचले, तर पारा 33-34 वर थांबतो. पण पठारावरून कोरडे पूर्वेचे वारे जोरात येत असले की ते खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच रोखून धरतात. त्यात घाट उतरताना हवा दाबली जाते आणि आणखी तापते. अशा दिवशी ओठ सुकतात, टॉवेल तासाभरात कडक वाळतो, बरणीतलं मीठ मोकळं राहतं. मग अडीच-तीनला पश्चिमेची खिडकी धाडकन आपटते आणि हवा बदलते, पण तोवर पारा चढून गेलेला असतो. त्याच दिवशी तिन्ही बाजूंनी पाणी असलेला कुलाबा बहुतेकदा सांताक्रूझपेक्षा गार असतो.

याला बाऊ म्हणू नका. हवामान खात्याने किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकषच वेगळा ठेवलाय: 37 अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त. मैदानी भागात तो 40 अंशांपासून सुरू होतो. मार्चमध्ये शरीराला उन्हाची सवयही झालेली नसते. उन्हात राबणाऱ्यांना तो फटका थेट बसतो.

मे महिन्यात जीव जास्त नकोसा होतो, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं. पण कमाल तापमानाची सरासरी मार्च ते मे 33 अंशांच्या आसपासच राहते. फरक पडतो रात्री. सांताक्रूझचं सरासरी किमान तापमान मार्चमध्ये 21 च्या जवळ असतं, मे महिन्यात 27 च्या. तोवर आपल्यासमोरचा समुद्र 29-30 अंशांपर्यंत तापलेला असतो आणि पश्चिमेचा वारा रात्रीही फारसा फिरत नाही. एवढ्या कोमट पाण्यावरून आलेली हवा पहाटेपर्यंत तरी किती निवणार? वर ती बाष्पाने भरलेली, त्यामुळे घाम अंगावरच राहतो आणि तेच मीठ बरणीत गोळा होतं. जो समुद्र दुपारी पारा आवरतो, तोच रात्री तो उतरू देत नाही.

आता झाडं आणि काँक्रीट. तिथे मी पूर्णपणे तुमच्याच बाजूचा आहे. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडतात, उंच इमारतींच्या रांगा वारा अडवतात, आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला ही रात्र सर्वांत महाग पडते. म्हणून पालिकेपुढे हा मुद्दा मांडाल तेव्हा रात्रीच्या किमान तापमानाच्या नोंदी घेऊन जा. दुपारच्या 40 अंशांवर बोट ठेवलंत, तर समोरचा 1952 चा आकडा दाखवून तुम्हाला पहिल्याच मिनिटाला गप्प करेल.