केळवण आणि तीस मिली

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना खर्चाची धास्ती होती. मला केळवणांची.

२०१५ साली पुण्यात माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा मी १३१ किलोंचा होतो. दीड वर्षात ७८ वर आलो आणि तिथून हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, ८४ वर येऊन थांबलोय. यात डॉक्टर जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं, आणि तिला पुढचं आतडं थेट जोडतात. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत. ते आत तसंच पडून आहे, गावच्या वाड्यासारखं. कुलूप लावलेलं, राहतं कुणी नाही, पण उताऱ्यावर नाव आपलंच.

वर्षं गेली तशी पिशवी थोडी सैलावली. आता दीड वाटी जेवतो. अडचण डोळ्यांची आहे. ते अजून १३१ किलोंचेच आहेत. खानावळीत गेलो की डोळे थाळी मागवतात, चौथ्या घासाला पोट हात वर करतं, आणि उरलेलं बायको डब्यात भरते. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं रात्रीचं जेवण म्हणजे माझं दुपारचं जेवण.

बाकीचं अंगवळणी पडलंय. सकाळी लोहाची गोळी, त्यानंतर निदान दोन तास कॅल्शियम नाही, आसपास चहाही नाही. महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन. डोकं दुखलं तरी दुकानातून वाटेल ती गोळी आणायची नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास तर नाहीच. प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. आणि गोड जपून. हे शेवटचं मी एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात शिकलो. दोन गुलाबजाम खाल्ले. पाव तासात छाती धडधडायला लागली, घामाने शर्ट भिजला, आणि मला रेकॉर्ड रूममधल्या बाकावर आडवं करण्यात आलं. बाहेर निवृत्त होणाऱ्या माणसाचं भाषण थांबलं ते थांबलंच. गोड पिशवीत टिकत नाही, धाडकन आतड्यात कोसळतं, त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. त्या माणसाने मला अजून माफ केलेलं नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते माझं डम्पिंग.

तर केळवणं. नात्यातली पाच कशीबशी निभावली. सहावं खुद्द व्याह्यांकडे, कोल्हापूरला. निघताना बायकोने बजावलं, “लग्न पार पडेपर्यंत ऑपरेशनचा विषय काढायचा नाही. लोक अर्धंच ऐकतात. मुलीच्या वडिलांच्या पोटात काहीतरी आहे म्हणे, एवढंच होईल गावभर.”

पाट, रांगोळी, चांदीची वाटी. ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, बटाट्याची भाजी, कुरडई, भजी, कटाची आमटी, भात. पुरणपोळी उचलायला दोन हात लागावेत एवढी. मी माझ्या ठरलेल्या डावपेचाने ताटाच्या डाव्या बाजूला मुक्काम ठोकला. चटणीला बोट लावायचं, कोशिंबीर ढवळायची, लिंबू पिळायचं, मीठ सारखं करायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस चवीने जेवतोय.

“भाऊ, काहीच घेत नाही तुम्ही!” विहीणबाई पोळी घेऊन उभ्या.

“चालू आहे, चालू आहे,” मी म्हणालो. त्या घासाचं सतरावं चर्वण सुरू होतं.

“निदान पाणी तरी घ्या.”

आता काय सांगणार? पेला उचलला, ओठ लावले, खाली ठेवला. असं सहा वेळा केलं. पेल्यातलं पाणी जिथल्या तिथे. मठ्ठा आला तेव्हाही हाच प्रयोग.

एवढ्यात व्याह्यांनी मुहूर्ताचा विषय काढला. आणि इथे माझं एक गुपित सांगायला हवं. माझं पोट भरलं की मला शिंक येते. ढेकर नाही, शिंक. ऑपरेशननंतर काहींना शिंक येते, काहींना उचकी लागते, काहींचं नाक गळतं. माझी शिंक घड्याळासारखी आहे: तिच्या पुढे एक घास गेला तरी तो छातीत अडकून बसतो आणि तोंडाला फेस येतो.

“गुरुजींनी बारा सदतीस काढलाय,” व्याही म्हणाले.

मी शिंकलो.

पंगत गप्प झाली. काकांचा भाताचा हात वाटेतच राहिला. कुणीतरी पुटपुटलं, “पुन्हा एकदा पंचांग दाखवून घेऊ का?” बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की पिशवी पुन्हा ३० मिलीवर आली.

माझ्या शेजारी त्यांच्या घरातल्या थोरल्या आजी बसल्या होत्या, नव्वदीच्या. त्या म्हणाल्या, “एक शिंक वाईट. दुसरी आली की काही नसतंय. येऊ दे दुसरी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसरी शिंक आणायचा मला एकच उपाय ठाऊक होता. देवाचं नाव घेतलं, पोळीचा तुकडा मोडला, नीट चावला आणि गिळला. छातीत दगड बसला. डोळ्यांत पाणी आलं. आणि आली, दणदणीत आली.

“झालं!” व्याही खूश. बारा सदतीस कायम झाला. गप्पा हॉलच्या भाड्यावर गेल्या. मी पंचाने तोंड पुसत निश्चल बसून राहिलो.

आजी माझ्याकडे वाकल्या. “पोट भरलं की येते होय?”

खोटं बोलवेना. मान हलवली.

“माझंबी एवढंच पोट राहिलंय,” त्यांनी मूठ दाखवली. “पण पानात टाकलं की सून बोलते. तुम्ही पाहुणे. तुम्हाला कोण काय बोलणार?”

असं म्हणून त्यांनी आपली अख्खी पुरणपोळी उचलली आणि नातवाला कुरवाळावं इतक्या मायेने माझ्या ताटात ठेवली.

तेवढ्यात विहीणबाई तुपाचं भांडं घेऊन वळल्या.

“हां, आता कसं! मागून घेतलीत ना?” आणि तूप सोडलं.