प्रयोग टिपा, पण नेटवर टाकू नका

इंदूरच्या हौशी मराठी रंगकर्मींचा एक वाद मिटता मिटत नाही: नाटकाचं चित्रीकरण करावं की नाही? एक बाजू म्हणते, घरबसल्या बघायला मिळालं की लोक सभागृहाकडे फिरकणार नाहीत. दुसरी म्हणते, चार प्रयोगांत नाटक संपतं आणि मागे फोटोच उरतात.

अमेरिकेत राहणाऱ्याला दोन्ही बाजू पटतात, कारण इथे यावर तोडगा निघालेला आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची लिंकन सेंटरमधली शाखा १९७० पासून नाटकांचे प्रयोग चित्रित करून जतन करते. ते बघायचे तर तिथेच जाऊन. घरी काही मिळत नाही. प्रेक्षक पळण्याची भीती तिथेच संपते. इंदुरात हे काम महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्थेला शोभेल.

मात्र चित्रीकरण बघण्याजोगं हवं. बहुतेकदा ते बिघडतं ऑटो एक्स्पोजरमुळे, म्हणजे किती उजेड घ्यायचा हे कॅमेऱ्यानेच ठरवल्यामुळे. रंगमंच काळोखा आणि उजेडात एकटा नट, अशा वेळी कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. नाक-डोळे पुसले गेले की ते नंतर कुठल्याही संगणकावर परत येत नाहीत. म्हणून रंगीत तालमीत सगळ्यात प्रखर प्रवेश लावून घ्या, चेहऱ्यावर झेब्रा (उजळ भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यात दिसणारे तिरके पट्टे) ७० टक्क्यांवर ठेवून अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं) ठरवा आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा. हॅलोजन दिवे असतील तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाशी कॅमेरा जुळवण्याची सोय) ३२०० केल्व्हिनवर कायम करा, नाहीतर निळ्या रात्रीचा प्रवेश कॅमेरा स्वतःच ‘सुधारतो’.

आमच्यासारख्यांनी इकडून नेलेल्या कॅमेऱ्यांची आणखी एक गोम आहे. ते सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० सेकंद शटरवर असतात. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि काही एलईडींखाली चित्रात पट्टे सरकतात. २५ फ्रेम, १/५० शटर ठेवा.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. तो शेजारचा खोकला आधी पकडतो. वीस मीटरवरून संवाद त्याच्यापर्यंत दीड फ्रेम उशिरा पोचतो, ते वेगळंच. सभागृहाच्या साउंड मिक्सरमधून जोडणी घ्या आणि कॅमेऱ्याचं इनपुट ‘लाइन’वर करा. ‘माइक’वर राहिलं तर आवाज फाटतो. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

दोन कॅमेरे असतील तर एक अख्ख्या रंगमंचावर बांधून ठेवा, त्याला कुणी हातही लावू नये. सेकंदाला ५० मेगाबिटच्या वेगाने अडीच तासांना साधारण ५६ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पुरतं. बरेच फोटो-कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात, ते आधी तपासा. मध्यंतरात बॅटरी बदला. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी टेप लावा, मागच्या रांगांना तो खुपतो.

नाटककाराची आणि प्रत्येक कलाकाराची लेखी संमती तालमीच्या दिवसांतच घ्या. कॉपीराइट कायद्याने कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. फाइल कुठे राहील, कोण बघेल आणि कुठे टाकली जाणार नाही, हे त्याच कागदावर लिहा. ‘चित्रीकरण नको’ म्हणणाऱ्यांची सही मिळायची तर याच ओळींमुळे मिळेल.